उंदरांची सकाळ

भिवंडीजवळच्या टेमघरला भाताची एक जुनी गिरणी होती. तिच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली. खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं, आत एकच दिवा, तोही लाल. नाटकात खुनाचा प्रवेश आला की असा उजेड करतात आणि प्रेक्षक नकळत पुढे सरकून बसतात. इथे प्रेक्षक मोजून दोन. एक डॉक्टर टिपणीस आणि दुसरा नवशा. रंगमंचावर पांढरे उंदीर.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. गिरणी बंद पडल्यावर तिथे कुणी औषधांचा छोटा कारखाना काढला होता आणि मागची खोली डॉक्टरांना दिली होती. डॉक्टर ठाण्याहून यायचे. जाड चष्मा, खिशाला शाईचे डाग, आणि एवढ्या मोठ्या माणसाचा असेल असं वाटू नये इतका मऊ आवाज. त्यांना पिंजरे धुवायला, दाणापाणी करायला, टोचताना उंदीर हातात धरायला माणूस हवा होता. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या पोरांना विचारलं तर ती हसत सुटली. नवशा म्हणाला, “मी येतो.” तो रात्रपाळीला धामणकर नाक्याजवळच्या एका लूमच्या कारखान्यात होता. सकाळी घरी यायचं, झोपायचं आणि दुपार कलली की उंदरांकडे जायचं, असा त्याचा दिवस झाला.

शेजारच्या लूमवर अलाहाबादकडचा एक कारागीर होता, तो रोज पाळीला बसताना विचारायचा, “क्यों चूहेवाले, चूहों ने आज छुट्टी दे दी?”

“दे दी,” नवशा म्हणायचा. “बोले, जा, अब उधर के चूहों को भी देख के आ.”

मग आजूबाजूची माणसं हसायची आणि लूम सुरू झाले की हसणं त्या खडखडाटात बुडून जायचं.

घरी मात्र हसू नव्हतं. घरी देवकी होती.

देवकी त्याची बायको. दोघंही दिघाशी गावची, शेतकरी भावकीतली. तरुणपणी हळदीच्या मांडवात देवकी नाचायला लागली की ढोलवाल्यालाच दम लागायचा. अंगानं बारीक, पण पाय असे पडायचे की बाकीच्या बायका हळूहळू कडेला होऊन टाळ्या धरायच्या. तिची आणखी एक गोष्ट गावात ठाऊक होती. भातकापणीत विळा लागून उजव्या हाताची करंगळी वाकडी झाली होती, ती कायम वर उचललेली असायची. त्यामुळे तिनं जमीन सारवली की शेणाच्या प्रत्येक फाट्यात, म्हणजे हाताच्या एकेका अर्धगोल फेऱ्यात, तीन बोटं खोल उमटायची आणि चौथीच्या जागी नखाचा एक बारीक ओरखडा यायचा. बायका म्हणायच्या, “देवकीचं सारवण आंधल्याला पन कळंल. हात फिरवला का झालं.”

लूम आले तशी गावातली निम्मी बिऱ्हाडं भिवंडीत आली. नवशाही आला, टेमघरला एक खोली घेतली. आणि काही वर्षांनी, पंचेचाळिशीही उलटली नव्हती तेव्हा, देवकीचा हात थरथरायला लागला. आधी उजवा, मग दोन्ही. मग पावलं लहान झाली. उंबरठ्याशी आली की पाय जमिनीला चिकटायचे, ढकलावं तर पडेल, थांबावं तर तिथंच उभी. मग बोलणं बारीक झालं, आणि शेवटी चेहरा गेला. चेहरा गेला म्हणजे नाकडोळे जागेवरच होते, पण त्यांच्यावर काही उमटेना. राग आला तरी तोच, हसू आलं तरी तोच. लाकडी मुखवट्यामागे माणूस असावा आणि मुखवट्याला फक्त डोळ्यांची भोकं असावीत, तसं. सरकारी दवाखान्यात कंपवात म्हणाले. त्यावर एक नवी गोळी निघाली आहे, मुंबईत मोठ्या दवाखान्यात मिळाली तर मिळेल, असंही म्हणाले. नवशा दोनदा जाऊन आला. मिळाली नाही.

त्यांना एकुलती लेक, नाव धाकली. आई अशी झाल्यावर तिला दिघाशीला आत्याकडे ठेवली होती. तिचं लग्न ठरलं, वैशाखातलं. त्यांच्या भावकीत रीत अशी की हळदीचं पाणी नवरीच्या आईनं स्वतः विहिरीवरून आणायचं. डोक्यावर कळशी, पुढे वाजंत्री, मागे बायका. आणि त्याच ओल्या हातानं लेकीला पहिली हळद लावायची. लग्न ठरल्याचं सांगितलं त्या दिवशी देवकी एवढंच म्हणाली, “पानी कोन आननार?”

“आक्का आनंल की. आत्याच हाय तिची.”

 त्यानं देवकीला भाकरी भरवायला घास पुढे केला तेव्हा तोंड उघडायला तिला फार वेळ लागला.

*

डॉक्टरांच्या प्रयोगात दोन वनस्पती होत्या. एक सर्पगंधेची मुळी. तिचं औषध आदल्या दिवशी टोचलं की उंदीर दुसऱ्या दिवशी गोळा होऊन बसायचा, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. डॉक्टर त्याचे पुढचे दोन पाय उचलून आडव्या पेन्सिलीवर ठेवायचे. धडधाकट उंदीर क्षणात पाय काढून पळाला असता. हा तसाच. पाय पेन्सिलीवर, मान वर, जणू कुणी त्याला तिथे उभं राहायची शिक्षा दिली आहे.

नवशानं ते पहिल्यांदा पाहिलं आणि त्याच्या हातातला पाण्याचा जग कलंडला. रोज सकाळी तो देवकीला चोळी घालायचा. तिचा हात वर उचलायचा, बाही चढवायची, आणि दुसऱ्या हाताकडे वळायचा. पहिला हात तसाच वर राहायचा. तो खाली घ्यायचा राहून गेला तर राहायचाच.

“डॉक्टरसाहेब, ह्याला काय झालंय?”

“मेंदूत एक रस असतो, नवशा. डोपामिन म्हणतात. हलायचं, चालायचं, उठून बसायचं, सगळं त्याच्या जोरावर. या मुळीनं तो रस आटवला. उंदराला पळायचं असेल, पण पळता येत नाही.”

“पळायचं असतं त्याला?”

डॉक्टरांनी चष्मा वर केला. “ते त्यालाच ठाऊक.”

मग संध्याकाळ झाली. बाहेर दिवेलागण, आत लाल दिवा. डॉक्टरांनी दुसरं औषध काढलं, खाजकुयलीच्या बियांचं. ही खाजकुयली म्हणजे तीच, जिच्या शेंगेची लव अंगाला लागली की माणूस दिवसभर खाजवत बसतो. सावळ्या नावाचा डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस त्या शेंगा आणून द्यायचा. डॉक्टर बिया दुधात उकळून, सालं काढून, वाळवून त्यांची पूड करून घेत. हे सगळं काम नवशाच्याच हातचं. त्यांनी ते औषध उंदराला पाजलं आणि म्हणाले, “आता बघ.”

बराच वेळ काही झालं नाही. मग पेन्सिलीवरचा एक पाय सुटला. मिशा हलल्या. उंदरानं अंग झटकलं, दोन पावलं टाकली, थांबला, जणू ही पावलं आपलीच का हे विचारतोय. आणि मग पळाला. पिंजऱ्यात डॉक्टरांनी सायकलच्या तारांचं एक चाक करून बसवलं होतं, त्यात चढला आणि चाक फिरायला लागलं.

नवशा त्या चाकासमोर उकिडवा बसला होता. त्या रात्री तो पाळीला उशिरा पोहोचला आणि मुकादमाची बोलणी खाल्ली, पण त्याला ती ऐकूच आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरांना आडून विचारलं, “हे मानसाला देत्यात का?”

“वैद्य लोक पूर्वीपासून देत आलेत. पण किती द्यायचं, कुणाला, त्यानं काय होतं, ते नीट कळल्याशिवाय मी देणार नाही. तो बघ,” त्यांनी कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे बोट केलं. त्यातल्या उंदराला पूड जास्त झाली होती. तो पिंजऱ्याची एकच तार कुरतडत होता, थांबत नव्हता, दाणा समोर असून बघत नव्हता. “हे असंही होतं. डोकं भलतीकडे धावतं. माणसाला द्यायला अजून पुष्कळ वर्षं आहेत, नवशा.”

धाकलीच्या लग्नाला पुष्कळ वर्षं नव्हती. वैशाख तोंडावर होता. तो डॉक्टरांशी त्यावर परत बोलला नाही. सावळ्याला गाठलं आणि स्वतःसाठी शेंगा मागितल्या.

सावळ्यानं टोपली खाली ठेवली. “घरात कोनाला?”

“बायकोला.”

“डाक्टर कवा देतो उंदराला?”

“दिवं लागल्यावं.”

“मंग तूबी तवाच दे. पाल्यामुळीला तिची येळ असती. येळ मोडली का मुळी रुसती. आमचा भगत सांगतो, मुळीला का म्हनून इचारू नये.”

नवशालाही ते पटलं. लहानपणापासून त्यानं हेच पाहिलं होतं. अमुक मुळी उपाशी पोटी, तमुक पाला सूर्य मावळल्यावर, काही उपटताना तर बोलायचंही नाही. औषधाला वेळ असते आणि ती वेळ औषधाची असते, घेणाऱ्याची नव्हे. डॉक्टर इतके शिकलेले, तेही सकाळी कधी देत नाहीत, दुपारी देत नाहीत, खिडकीबाहेर अंधारलं की मगच देतात. म्हणजे त्यात काही असलंच पाहिजे.

विचारायचं सुचलं नाही असं नाही. पण विचारलं तर हे चोरून चाललेलं कळलं असतं.

*

रोज दिवेलागणीला उंदरांना पाजून झालं की तो गिरणीमागच्या त्या खोलीतून घरी यायचा, चिमणी लावायचा, दुधातून पूड देवकीच्या तोंडात घालायचा, तिला अंथरुणावरच भिंतीला टेकवून बसवायचा आणि धामणकर नाक्याकडे निघायचा. शेजारची गुणाबाई तिन्हीसांजेच्या आधीच देवकीला भाकरी भरवून जायची. बिचारी स्वतः दिवसभर लूमवाल्यांसाठी सुताच्या कांड्या भरायची आणि अंथरुणाला पाठ लागली की मेल्यासारखी झोपायची. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी नवशा लग्नाच्या कामासाठी दिघाशीला जायचा. तेवढा एक दिवस पूड चुकायची.

आणि सकाळी तो घरी यायचा तेव्हा डोळ्यांत कापसाचे बारीक तंतू, कानात लूमचा खडखडाट. दार ढकलायचा. देवकी अंथरुणावर, ताठ, छपराकडे बघत. पूर्वी होती तशीच. किंबहुना त्याला वाटायचं, होती त्याहून जास्त ताठ. तो तिचा हात उचलून बघायचा. हात वरच राहायचा.

एका सकाळी ती म्हणाली, “मी काल चालले.”

आवाज इतका बारीक की त्याला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

“कुठं?”

“घरात. मंग अंगनात.”

त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला. ती आजारी पडल्यापासून अशी स्वप्नं सांगायची. पहिल्या वर्षी तर रोजच. स्वप्नात हळदीत नाचले, स्वप्नात भाताची लावणी केली, स्वप्नात पूर आला आणि मी पळाले. तेव्हा तो नीट ऐकायचा, विचारायचाही, मग कोण होतं नाचायला? हळूहळू विचारणं थांबलं, कारण स्वप्नातून उतरून ती परत त्याच अंथरुणावर यायची आणि दोघांनाही ते सोसवेना.

“बरं झालं,” तो म्हणाला, आणि झोपला.

दुसरा कुणी असता तर त्यानं तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं. खरं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा एक असतो आणि स्वप्न सांगणाऱ्याचा दुसरा. उभ्या जन्मात अभिनयाचं नाव न ऐकलेल्या माणसालाही तेवढं कळतं. पण देवकीला चेहरा नव्हता. तिच्याकडे फक्त शब्द होते, आणि तेही कुजबुजीइतके.

त्या दिवसांत घर स्वच्छ राहायला लागलं होतं. भांडी पालथी, चूल लिंपलेली, जमीन सारवलेली. सकाळी गुणाबाई दारात दिसली तेव्हा नवशा म्हणाला, “गुणाबाय, किती करतीस गं आमचं.”

तिला वाटलं भाकरीबद्दल बोलतोय. “त्यात काय एवढं. माझ्या चार थापतेच, त्यात दोन तुमच्या. तुमच्या उंदरांनाबी घालू का एखादी?”

“त्यांना नको. ती डॉक्टरची जावईमंडळी हायत.”

गुणाबाई हसत कांड्यांकडे गेली. नवशा सारवलेल्या जमिनीवर गोधडी टाकून झोपला. शेणाचा ओला वास येत होता. त्यानं जमिनीवर हात फिरवला नाही. डोळे मिटत होते.

मग एक सकाळ अशी आली की देवकी म्हणाली, “मी ईहिरीवं जाऊन आले. कळशी भरून आनली. डोक्यावं.”

नवशा तिच्या उशाशी बसला. तिचे डोळे त्याच्यावर रोखलेले होते, पापणी हलत नव्हती. “हल्दीचं पानी मीच आननार,” ती म्हणाली. “आक्काला सांग.”

त्याला तार कुरतडणारा उंदीर दिसला. डोकं भलतीकडे धावतं, असं डॉक्टर म्हणाले होते. इतके दिवस ती झोपेत स्वप्नं बघायची, आता जागेपणी बघायला लागली. हे माझ्या पुडीनं झालं. तिचे पाय तर आले नाहीत, होतं ते डोकंही मी घालवून बसलो. कोपऱ्यात कळशी होती, भरलेली. हल्ली ती रोज भरलेलीच असायची. गुणाबाई भरते, असं तो धरून चालला होता.

त्या संध्याकाळी त्यानं दूध दिलं, पूड दिली नाही.

देवकीनं दुधाचा घोट गिळला. “ती दे ना,” ती म्हणाली.

“न्हाय. ती वंगाळ हाय. तुला भलतं दिसतं.”

“मला दिसत न्हाय. मी जाते.”

“देवके, गप. लेकीचं लगीन हाय. तू शहानी राहा, एवढंच बास मला.”

तो निघाला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, हात गुडघ्यावर, त्यानं ठेवला होता तिथेच. उरलेली पूड त्यानं वाटेत नाल्यात टाकली. कळशी मग रिकामी राहायला लागली, तेव्हा गुणाबाईला फुरसत नसेल असं धरून ती तोच भरायला लागला. दोन दिवसांनी त्याला वाटलं, आपण शहाणपणाचं केलं. कारण ती मग विहिरीबद्दल बोलली नाही. कशाबद्दलच बोलली नाही.

*

हळदीच्या दिवशी दिघाशीच्या मांडवात वाजंत्री लागली. पाणी आक्कानं आणलं. देवकीला मांडवाच्या मेढीला टेकवून बसवलं होतं, नवी हिरवी साडी नेसवून. बायका म्हणाल्या, पहिला हात तरी आईचाच लागू दे. नवशानं देवकीचा उजवा हात हळदीत बुडवला, उचलला आणि धाकलीच्या गालावर ठेवला.

हात तिथेच राहिला.

धाकली मान वळवून बसली होती. तिला वाटलं आई धरून ठेवते आहे, म्हणून ती हलली नाही. गाणाऱ्या बायकांचं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, हात गालावर तसाच. वाकडी करंगळी वर उचललेली. शेवटी आक्कानं अलगद तो काढून मांडीवर ठेवला. देवकीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. डोळ्यांतून मात्र पाणी चाललं होतं, सरळ खाली, न थांबता. कुणीतरी म्हणालं, “रडतीया बिचारी, पन बघा, कसं दगडावानी.” धाकलीनं ते ऐकलं.

श्रावणात देवकीच्या छातीत कफ भरला. गिळणंच थांबलं होतं, खोकायलाही अंगात बळ नव्हतं. ती गेली तेव्हा नवशा घरीच होता. तिचा हात हातात घेऊन बसला होता आणि तिचा हात त्याच्या हातात इतका स्थिर होता की ती गेल्याचं त्याला लगेच कळलं नाही.

तेराव्याच्या आधी गुणाबाई सारवायला आली. शेणाचं घमेलं ठेवलं, पदर खोचला. म्हणाली, “ती तांदळाची कनगी सरकवा जरा, नवशाभाऊ. खालचं पन करून घेते.”

कणगी निम्मी रिकामी होती. नवशानं ती कडेला घेतली. खालची जमीन उकरली गेली नव्हती, पाय लागले नव्हते, सारवण नवं असावं तसं राहिलं होतं. गुणाबाईनं हात शेणात घातला आणि ती थांबली.

“ह्ये कोनी केलंय?”

“तूच की. रोज तूच करायचीस.”

“मी? मी भाकऱ्या केल्या तुमच्या. सारवाया मला येळ कुठं? मी म्हनलं तुमी कोनी बाई लावलीय.” तिनं आपला हात पुढे केला. “आन् माझी चारी बोटं सरळ हायत. हे बघा.”

नवशा खाली बसला. जमिनीवर अर्धगोल फाटे होते, एकाला एक लागून. तीन बोटं खोल. चौथीच्या जागी नखाचा बारीक ओरखडा.

तीन वर्षं देवकीनं शेणात हात घातला नव्हता. तीन वर्षं ही जमीन कुणाकुणाच्या हातांनी सारवली होती. आणि त्या सगळ्यांच्या वर हा हात होता. कणगी तेव्हा भरलेली असणार. तिनं ती एकटीनं सरकवली होती, खालचं सारवलं होतं आणि परत जागेवर ठेवली होती. घर नीट असावं म्हणून. लेकीचं लग्न होतं.

“गुणाबाय, कळशी?”

“कंची कळशी?”

 गुणाबाईला काय कळलं कोण जाणे, तिनं तो कोपरा सोडला आणि बाकीची खोली सारवून घेतली. बाहेर जाताना दाराशी हात धुतले आणि बराच वेळ धूत राहिली.

*

नवशा डॉक्टरांकडे गेला. त्यानं सगळं सांगितलं, शेंगांपासून कणगीपर्यंत. डॉक्टरांनी त्याला मध्ये अडवलं नाही. सांगून झाल्यावर ते एकच म्हणाले, “रोज संध्याकाळी दिलीस?”

“तुमी देता तवाच.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते म्हातारे दिसले. “नवशा, उंदीर दिवसा झोपतो. अंधार पडला की त्याचा दिवस सुरू होतो, आणि लाल उजेड त्याला अंधारच वाटतो. मी पूड संध्याकाळी देतो, कारण ती त्याची सकाळ असते. औषधाचा जोर तीन-चार तास राहतो आणि उतरतो. तेवढ्यात त्याला जागं असायला हवं, म्हणून.”

“आन् मानसाला?”

डॉक्टरांनी चष्मा उचलला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला.

“सकाळी दिली असती, मी घरी आल्यावं?”

“तर तू बघितलं असतंस,” ते म्हणाले. त्यांनी खोटं बोलायला हवं होतं कदाचित. पण त्यांना ते येत नव्हतं. मग त्याच मऊ आवाजात म्हणाले, “याचा दोष माझ्याकडेही येतो. तू रोज माझ्यासमोर उंदीर धरायचास. तुझ्या घरी कोण आजारी आहे, हे मी एकदाही विचारलं नाही.”

काळ्या कापडाबाहेर अंधारत होतं. पिंजऱ्यात कुणीतरी चाकावर चढलं आणि चाक फिरायला लागलं. नवशा उठून बाहेर आला. नोकरी त्यानं सोडली नाही, पण पुढे कायम, चाकं फिरायची वेळ झाली की तो काहीतरी निमित्त काढून अंगणात जाऊन उभा राहायचा. डॉक्टर तेवढा वेळ उंदीर स्वतः धरायचे.

दिवाळसणाला धाकली माहेरी आली. लग्नात आईबद्दल ऐकलेला तो शब्द तिच्या मनात राहिला होता, दगड. ती आल्या आल्या सारवायला बसली. कोपऱ्याशी आली, कणगीला हात लावला.

“तिथलं ऱ्हाऊ दे,” नवशा म्हणाला.

“का? उंदरं लागतील खाली.”

त्यानं कणगी सरकवली आणि तिला दाखवलं. धाकली लहानपणी याच हातामागून, ओलं सारवण न तुडवता, कडेकडेनं फिरलेली होती. तिला सांगावं लागलं नाही. तिनं बोटांनी ते फाटे चाचपले, ओरखड्यावर येऊन थांबली.

“ह्ये कवाचं?”

“तुझ्या लग्नाच्या आधीचं. ती चालत व्हती, पोरी. रोज. मी घरी नसायचो तवा. पानी पन आनायची. हल्दीचं पानी तीच आननार व्हती.”

 धाकलीच्या हातावरचं शेण वाळायला लागलं.

“मंग कोनाला सांगितलं का न्हाय तिनं?”

“सांगितलं व्हतं,” नवशा म्हणाला. “मला.”

 धाकलीनं घमेल्यात पाणी घालून शेण सैल केलं आणि त्या कोपऱ्याच्या कडेकडेनं हात फिरवत गेली, मधला तुकडा राखून. झाल्यावर दोघांनी मिळून कणगी उचलली, ओढली नाही, आणि हळूच जागेवर ठेवली.